डॉक्टरचा चेहरा बदलला आणि मित्र दुरावला

पत्र थोडक्यात : यावल तालुक्यातल्या एका वाचकाचं हे पत्र आहे. वय तीस, घरची केळीची बाग सांभाळतात. २०१४ मध्ये जळगावला शिकत असताना वसतिगृहातल्या मित्राच्या लॅपटॉपवर त्यांनी ‘डॉक्टर’ नावाच्या नायकाची ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची कालप्रवासाची मालिका बघायला घेतली. पुढची अकरा वर्षं दोघांनी एकही भाग चुकवला नाही. मित्र नोकरीसाठी पुण्याला गेल्यावरही दोघं आपापल्या घरी एकाच वेळी भाग लावायचे आणि फोन चालू ठेवून बघायचे. ३१ मे २०२५ ला हंगामाचा शेवटचा भाग आला आणि तो बघून या वाचकांना रडू कोसळलं. आजीनं विचारलं, “कसाले रडी राहिना? कोन मरी गयं?” घरातले बाकीचे हसले. मित्राला मात्र तो भाग फार आवडला होता. फोनवर शब्दाला शब्द वाढला आणि “तू खरा फॅन कधी नव्हताच” असं हे बोलून गेले. तेव्हापासून सहा महिने बोलणं बंद आहे. त्यांचे प्रश्न असे : ज्यांच्यावर इतकी वर्षं जीव लावला त्यांनीच फसवलं, आता मालिका सोडून द्यावी का? भागातल्या चुकांची चौदा पानी यादी केली आहे, ती बीबीसीला पाठवावी का? अकरा वर्षं वाया गेली असं वाटतं, त्याचं काय करावं? मित्राबद्दल त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी एकच ओळ लिहिली आहे : “त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही.”

(ज्यांना हा भाग अजून बघायचा आहे त्यांनी उत्तर नंतर वाचावं. शेवट लपवून या पत्राला उत्तर देता येत नाही.)

भाऊ,

आधी तुमच्या आजींबद्दल बोलते. त्यांचा प्रश्न तुम्ही “घरचे चेष्टा करतात” या वाक्यात घालून टाकलात. मी पत्र दोनदा वाचलं, मला त्यात चेष्टा सापडली नाही. मध्यरात्री नातू डोळे पुसताना दिसला तर आपल्याकडची कुठलीही आजी हेच विचारेल. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडायच्या. वनवासाला निघालेल्या रामासाठी गावोगावच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले होते. तुमच्या आजीही त्यांच्यात असतील. पडद्यावरच्या माणसासाठी रडणं त्यांना परकं नाही. त्यांना फक्त कोणासाठी रडताय ते कळलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. ती मला पटली आहे. तुम्ही लिहिता की शेवटी डॉक्टरचा चेहरा बदलला त्याहून बेलिंडाचं जे झालं ते जास्त लागलं. तुमची ताई धुळ्याला नर्स आहे. पहिल्याच भागात बेलिंडा चंद्रा ही नर्स डॉक्टरला खडसावते, “माझ्या परवानगीशिवाय माझी तपासणी का केलीस?” तेव्हा ताई म्हणाली, “ही बाई आमच्यातली आहे.” भूमिकाही केरळात जन्मलेल्या वरदा सेतू हिची. कालप्रवासाच्या मालिकेत आपल्याकडचं नाव आणि आपल्याकडचा चेहरा असलेली, ड्यूटीवर वेळेत पोचायची काळजी करणारी बाई तुमच्या ताईला पहिल्यांदाच दिसली होती. मग शेवटच्या भागात काय झालं? ऐन लढाईत बेलिंडा पॉपी नावाच्या लहान मुलीला घेऊन एका पेटीत बसून राहिली. नंतर डॉक्टरनं आपली जीवनशक्ती वापरून जगच किंचित सरकवलं आणि पॉपी तिची मुलगी झाली. अख्खा हंगाम तिला घरी जायचं होतं, त्याचं कारणसुद्धा मागे जाऊन बदललं : घरी मुलगी वाट बघत होती म्हणे. मीही हा भाग पाहिला. बेलिंडाला तिचं आधीचं आयुष्य कोणी परत मागू दिलं नाही, असं मलाही वाटलं. तुमच्या चौदा पानांपैकी हे दीड पान मी कोणाहीपुढे तुमच्या बाजूनं वाचून दाखवीन.

पण याच ठिकाणी मला तुम्हाला थांबवायचं आहे. बेलिंडाचा भूतकाळ लेखकानं बदलला. तुमचा भूतकाळ कोणी बदलला? पत्रात तुम्ही लिहिता, “आता वाटतं ती अकरा वर्षं खोटी होती.” हे तुमच्या बाबतीत कुठल्या पटकथेनं केलेलं नाही, भाऊ. हे तुम्ही करताय. पाटणादेवीच्या सहलीबद्दल तुम्हीच लिहिलंय. पावसाळ्यात मोटारसायकलनं चाळीसगावमार्गे गेलात, देवळापाशी भिजत उभे होतात आणि मित्र म्हणाला, “टार्डिस उतरायची तर इथंच उतरायला पाहिजे.” (टार्डिस म्हणजे डॉक्टरची कालप्रवासाची निळी पेटी.) त्यानं जागा अचूक निवडली होती. त्याच पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. डॉक्टरनं तिथं उतरून कोणाशी बोलावं यावर तुम्ही दोघं परतीच्या रस्त्यावर चाळीसगावपर्यंत भांडलात. ही गोष्ट तेव्हा घडली, तशीच राहणार. २०२५ चा कुठलाही भाग तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. तिला खोटी म्हणायची ताकद फक्त तुमच्यात आहे, आणि गेले सहा महिने तुम्ही ती वापरताय.

“त्यांनी फसवलं” या शब्दाकडेही जरा बघू या. फसवायला आधी वचन द्यावं लागतं. या मालिकेनं डॉक्टर तसाच राहील असं वचन कधी दिलं होतं? २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या गदारोळात अनेकांचा तो बघायचा राहिला, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा दाखवावा लागला. दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला तरुण. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनीही तिशी गाठली नव्हती. (“खान्देशातल्या माणसानं ही इंग्रजांची मालिका कशाला बघावी” असं तुमच्या काकांनी पुन्हा विचारलं तर त्यांना लखनौचं सांगा.) तीन वर्षांनी मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. मालिका तर चालली होती. मग १९६६ मध्ये तोड निघाली : डॉक्टर माणूस नाही, परग्रहावरचा आहे, शरीर थकलं की तो नवं शरीर घेतो. ज्याला आज आपण रीजनरेशन म्हणतो आणि मालिकेचा प्राण मानतो, ती त्या वेळची अडचणीतली सोय होती. हार्टनेलवर जीव असलेल्या पोरांना पॅट्रिक ट्रॉटन हे नवे डॉक्टर लगेच पटले असतील असं मला वाटत नाही. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर यांचं नाव जाहीर झालं आणि डॉक्टर पहिल्यांदा बाई झाला, तेव्हाचं तर तुम्हाला आठवतच असेल. त्या वेळी तुम्ही नव्या डॉक्टरच्या बाजूनं भांडलात आणि मित्र नाराज होता, असं पत्रात एका वाक्यात येऊन गेलंय. तेव्हा तुम्ही त्याला खरा फॅन नाहीस म्हणाला होतात का? की त्यानं तुम्हाला?

मला वाटतं, भांडणाची खरी गाठ शेवटच्या मिनिटात आहे. शुटी गट्वा यांचा डॉक्टर जातो आणि त्या जागी बिली पायपर दिसतात. श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे “डॉक्टर” असं लिहिलेलंच नाही, “अँड इंट्रोड्युसिंग बिली पायपर” एवढंच येतं. तुम्हाला ही लेखकाची युक्ती वाटली, जुना चेहरा दाखवून माणसं गोळा करायची. असेलही. पण वसतिगृहातला तो लॅपटॉप आठवा. तुम्ही दोघांनी २००५ च्या भागांपासून सुरुवात केली होती. त्या पहिल्या भागात सगळ्यात आधी कोण दिसतं? झोपेतून उठून कामाला निघालेली रोझ, म्हणजे हीच बिली पायपर. डॉक्टरच्याही आधी तुम्ही तिला पाहिलंत, २०१४ मध्ये, एका खाटेवर शेजारी शेजारी बसून. मे महिन्यातल्या त्या रात्री पुण्यातल्या खोलीत एकटा बसलेल्या तुमच्या मित्राला तो चेहरा पुन्हा दिसला तेव्हा त्याला कथा आठवली असेल, की जळगावची खोली? मला उत्तर ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. तो “भारी होतं” एवढं म्हणाला आणि तुम्ही यादी वाचायला सुरुवात केलीत. पत्रात तुम्ही हे प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून मलाही स्पष्ट बोलता येतंय.

आता “खरा फॅन”. हे शब्द मला फार बोचले आणि त्यावर सविस्तर बोलायचं आहे. या मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आज बीबीसीकडे नाहीत. चित्रफिती महाग होत्या, जुने भाग पुन्हा दाखवायची फारशी सोय नव्हती, जागा अडत होती. म्हणून बीबीसीनं त्या पुसून पुन्हा वापरल्या, काही टाकून दिल्या. तरीही त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकता येतो, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टीव्हीसमोर टेप लावून तो भरून ठेवला होता. पोरंच होती त्यांतली बरीच. भाग चांगला असो की रटाळ, टेप फिरतच राहिली. पुढे २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग मिळाले, तो दिवस चाहत्यांसाठी दिवाळीसारखा होता. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक डोळे मिटून त्या आवाजांवर कथा बघत होते.

हे वाचलं तेव्हा मला लंडनच्या आधी बहिणाबाई चौधरींचं गाव, आसोदं आठवलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या सुचायच्या आणि हवेत जायच्या. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्याच एका नातलगानं त्यातल्या जमेल तेवढ्या कागदावर उतरवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, मग ती वही अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. ऐकणाऱ्यानं जपलं म्हणून आज आपल्याकडे ते आहे. जपताना त्यांनी “ही ओवी कालच्यापेक्षा उतरली” असं म्हणून पेन खाली ठेवलं असतं तर? चाहत्याचं काम म्हणजे निवाडा देणं, असं तुम्ही धरून चाललात. निवाडा द्यायचा हक्क तुम्हाला आहेच, नावडलेलं नावडलं म्हणावं. पण तुम्ही अकरा वर्षं जे केलंत ते जपणं होतं. मित्राशी फोन जोडून भाग बघणं, पाटणादेवीला टार्डिस उतरवणं, ताईला बेलिंडा दाखवणं, हे सगळं जपणंच. आणि त्यात तुमचा मित्र तुमच्याइतकाच होता. म्हणून त्याला जे बोललात ते नुसतं कडू नव्हतं, चूक होतं.

मालिका सोडावी का? सोडायची असेल तर सोडा, त्यात पाप नाही. आत्ता तर ठरवायची घाईही नाही. पुढचा विशेष भाग २०२६ च्या नाताळला येणार असं बीबीसीनं जाहीर केलंय. तोवर दोनदा केळी लावून होईल. रागात घेतलेला निर्णय आणि वर्षभरानं घेतलेला निर्णय यांत फरक पडतो, हे बाजारभाव बघून माल थांबवणाऱ्याला मी काय सांगावं? एवढं मात्र करा : रात्री झोपायच्या आधी त्या भागावर दुसरे किती चिडलेत हे बघत बसणं बंद करा. तुम्ही लिहिलंय की रोज तासभर त्यात जातो. त्या तासानं तुमचा राग जिवंत ठेवलाय, आणि आता भागापेक्षा रागच जास्त पाठ झालाय. (हे क्रिकेटच्या संघावरून, आवडत्या नटावरून, नेत्यावरून घरात अबोला धरलेल्या इतर वाचकांनाही सांगते. अशी बरीच पत्रं माझ्याकडे येतात आणि त्या सगळ्यांत हा रात्रीचा तास असतोच.) झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामात महिनोन्‌महिने मन लागत नसेल तर मात्र त्याला मालिकेचं दुःख म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या सरकारच्या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोला.

यादी बीबीसीला पाठवू नका. निदान चौदा पानं तरी नकोत. त्यातली बारा पानं कुठल्या भागाचं कुठल्या भागाशी जुळत नाही याबद्दलची आहेत. साठ वर्षं अनेक हातांनी लिहिलेल्या गोष्टीत असे सांधे निघणारच. बेलिंडाचं दीड पान वेगळं काढा. ताईला सोबत बसवा आणि एक नर्स म्हणून तिला काय वाटलं ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ते पाठवा, किंवा मराठीत लेख करून कुठल्या दिवाळी अंकाला द्या. चाहत्याचं लिहिणं कुठे जाऊन पोचेल सांगता येत नाही. १९७४ मध्ये एका स्कॉटिश शाळकरी मुलाचं या मालिकेबद्दलचं कौतुकाचं पत्र रेडिओ टाइम्स या साप्ताहिकात छापून आलं. तो मुलगा पीटर कपाल्डी. तुम्ही बघायला सुरुवात केली त्याच वर्षी डॉक्टर म्हणून ज्याचा पहिला हंगाम आला, तोच. १९८९ मध्ये बंद पडलेली मालिका २००५ मध्ये परत उभी केली ती रसेल टी. डेव्हिस यांनी, तेही लहानपणापासूनचे चाहते. तुम्ही ज्यांच्यावर आज चिडलाय ते हेच. त्यांचं चुकलं असं तुम्ही म्हणू शकता, मीही म्हणते. पण त्यांचा मालिकेवर जीव नाही, ते फक्त गल्ला बघतात, असं मला म्हणवत नाही.

राहिला मित्र. पत्रात त्याला एकच ओळ दिलीत, पण माझ्या मते सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय.

फोन तुम्ही करा. “कोण आधी” हा हिशोब नको, कारण शेवटचं वाक्य तुमचं होतं. मेसेज नको, आवाज ऐकू द्या. शनिवारी रात्री करू नका, तुमच्या दोघांची ती भाग बघायची वेळ होती आणि त्या वेळेला आत्ता फार धार आहे. रविवारी सकाळी करा. सुरुवातीला मालिका काढूच नका. म्हणा, “मी जे बोललो ते बोलायला नको होतं.” आणि थांबा. तो गप्प बसला तर बसू द्या. सहा महिन्यांचा राग त्यालाही काढायचा असेल, तो ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मग भरताचं निमंत्रण द्या. डिसेंबर आहे, तुमच्या भागात भरताची वांगी आली असतील. मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला घेतली की दोन माणसांना बराच वेळ एकाच जाळाकडे बघत बसावं लागतं आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. अवघड बोलणं अशा वेळी सोपं जातं. तेव्हा त्याला विचारा : तुला त्यात काय आवडलं? आणि तो सांगेपर्यंत वांगी फिरवत राहा. तुमचं मत बदलायची गरज नाही. त्यानं बिली पायपरचं नाव घेतलं तर वसतिगृहातल्या लॅपटॉपची आठवण तुम्ही काढा. नाही घेतलं तर काढू नका.

तो आलाच नाही, किंवा फोन उचललाच नाही, तर? असंही होऊ शकतं. मग आठवडाभरानं एकदा पुन्हा करा आणि नंतर एक पत्र लिहा. हातानं, एका पानाचं, पाटणादेवीच्या दिवसाबद्दल. त्यात भागाचा उल्लेख नको. उत्तराची तारीखही मनात धरू नका.

आणि हे सगळं करायच्या आधी, आज संध्याकाळीच, आजींजवळ बसा. निळ्या पेटीतून फिरणारा एक म्हातारा आहे, तो मरत नाही, त्याचा चेहरा बदलतो, एवढीच गोष्ट अहिराणीत सांगायला घ्या. त्या मध्ये मध्ये प्रश्न विचारतील. उत्तरं द्या.